वेबसाइट खरी की खोटी: आधी पत्ता वाचा, मग पानाकडे बघा

गेल्या वर्षी एका दुपारी आत्याचा फोन आला. मागे कर्कश भोंगा वाजत होता आणि यंत्राच्या आवाजात एक बाई तेच तेच बोलत होती. "अगं, हे बंदच होत नाहीये. कॉम्प्युटर लॉक झालाय म्हणतंय. खाली नंबर दिलाय, लावू का?"

"आत्या, नंबर लावू नकोस. माउस सोड. की-बोर्डवर डावीकडे अगदी वरच्या कोपऱ्यात एस्केपचं बटण आहे, ते दाबून धर."

दोन-तीन सेकंदांत पान लहान झालं, वरचा टॅब दिसायला लागला आणि तिने तो बंद केला. भोंगा थांबला. कॉम्प्युटरला काहीही झालेलं नव्हतं. समोर होतं ते एक साधं वेबपान, फक्त स्क्रीनभर पसरलेलं.

नंतर ती म्हणाली, "पण मला कळणार कसं? दिसायला तर अगदी खरं होतं." हा लेख मी तिच्यासाठी आणि तिच्यासारखाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय. पानाच्या दिसण्यावर जाऊ नका. लोगो, रंग, मांडणी हे सगळं कुणालाही काही मिनिटांत हुबेहूब उतरवता येतं. खऱ्या साइटचा पत्ता मात्र दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून सुरुवात पत्त्यापासून करू.

पायरी 1: पत्ता उजवीकडून वाचा

ब्राउझरच्या, म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्ससारख्या वेबपानं दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, वरच्या पट्टीत पत्ता दिसतो. खऱ्या पत्त्यात सहसा रोमन अक्षरं असतात, इथे समजायला सोपं जावं म्हणून मी देवनागरीत लिहितेय. समजा, हा पत्ता आहे:

तुमचीबँक.कॉम.खाते-तपासणी.टॉप/लॉगिन

डोळा आधी 'तुमचीबँक.कॉम'वर पडतो आणि तिथेच समाधान मानतो, कारण आपल्याला डावीकडून वाचायची सवय आहे. फसवणारे याच सवयीवर जगतात. आता असं करा. सुरुवातीला 'एचटीटीपीएस' आणि दोन तिरप्या रेघा दिसत असतील तर त्या सोडून द्या. त्यानंतर जी पहिली तिरपी रेघ येते तिच्यावर बोट ठेवा आणि तिथून डावीकडे सरका. आधी 'टॉप', मग टिंब, मग 'खाते-तपासणी', मग पुन्हा टिंब. थांबा. या साइटचं खरं नाव 'खाते-तपासणी.टॉप' एवढंच आहे. त्याच्या डावीकडे मालकाला हवं ते लिहिता येतं. घर आपलं असलं की खोलीच्या दारावर कुठलीही पाटी लावता येते, तसंच.

आता हा दुसरा पत्ता बघा:

मदत.तुमचीबँक.कॉम/लॉगिन

रेघेपासून डावीकडे या: 'कॉम', टिंब, 'तुमचीबँक'. हा बँकेचाच पत्ता आहे, 'मदत' ही तिच्या घरातली एक खोली. पण 'तुमचीबँक-मदत.कॉम'? मधे टिंब नाही, आडवी रेघ आहे. म्हणजे ते सबंध एकच नाव झालं आणि असं नाव कुणीही आपल्या नावावर नोंदवू शकतो. टिंब आणि आडवी रेघ यांतला फरक ओळखायला शिकलात की अर्धं काम झालं.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही देशांच्या पत्त्यांत शेवटी दोन तुकडे मिळून एकच शेपूट असतं, जसं 'को.इन' किंवा 'को.यूके'. तिथे आणखी एक टिंब डावीकडे जाऊन नाव वाचायचं.

पत्त्यात '@' हे चिन्ह दिसलं तर विशेष सावध व्हा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी ते आलं असेल, तर त्याच्या डावीकडचा मजकूर पत्ता म्हणून धरलाच जात नाही. ब्राउझर त्याच्या उजवीकडे लिहिलेल्या ठिकाणी जातो.

अक्षरंही फसवतात. रोमन 'आर' आणि 'एन' शेजारी आले की घाईत 'एम' दिसतो. छोटा 'एल' आणि एकचा आकडा, 'ओ' आणि शून्य यांचंही तेच. याच्याही पुढची गोष्ट एप्रिल 2017 मध्ये घडली. एका संशोधकाने ॲपल कंपनीच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला. त्यातलं नाव रोमन नव्हतंच, सगळी अक्षरं सिरिलिक लिपीतली होती, म्हणजे रशियन लिहितात त्या लिपीतली. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तो पत्ता डोळ्याला अगदी खरा दिसत होता. क्रोमने ती फट लगेच बुजवली. आता असं संशयास्पद नाव पुष्कळदा त्याच्या सांकेतिक रूपात दिसतं, 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं. ओळखीच्या साइटच्या जागी असं काही दिसलं तर टॅब बंद करा.

पायरी 2: कुलूप बघून निर्धास्त होऊ नका

'कुलपाची खूण असेल तर साइट सुरक्षित' हा सल्ला आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं ऐकला आणि दिलाही. तो आता सोडून द्यायला हवा. कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमचा कॉम्प्युटर आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला माणूस चोर आहे की साव, हे ते सांगत नाही. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून फुकट देते. इंटरनेटसाठी ते चांगलंच झालं, पण फसव्या साइटलाही ते सहज मिळतं. सप्टेंबर 2023 मध्ये क्रोमने कुलपाचं चित्र काढून तिथे सेटिंगचं साधं चिन्ह आणलं, कारण लोक कुलपाचा चुकीचा अर्थ लावत होते.

उलट बाजू मात्र खरी आहे. ब्राउझर स्वतःहून 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर तिथे पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर टाकू नका.

पायरी 3: तिथे पोचलात कसे, ते आठवा

फसव्या साइटवर सहसा कुणी आपणहून पत्ता टाइप करून जात नाही. कुणीतरी तिथे नेऊन सोडतं: मेसेज, ई-मेल, क्यूआर कोड किंवा जाहिरात. कॉम्प्युटरवर लिंकवर क्लिक न करता माउसचा बाण नुसता तिच्यावर ठेवा, बहुतेक ब्राउझरमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर लिंक दाबून धरा.

जाहिरातींबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे जाणती माणसंही फसतात. एखादं मोफत सॉफ्टवेअर हवं म्हणून आपण गुगलवर नाव टाकतो आणि पहिल्या निकालावर क्लिक करतो. तो पहिला निकाल अनेकदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, बाजूला बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. चोरही जाहिराती विकत घेतात. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने लोकांना सावध करताना सर्चसाठी ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारी ब्राउझरची जोडणी, वापरा असा सल्ला दिला होता, तो याच कारणामुळे. यूब्लॉक ओरिजिन हे फुकट आणि भरवशाचं आहे. क्रोममध्ये त्याची 'लाइट' आवृत्ती चालते.

आणि सगळ्यांत साधा उपाय: बँक, ई-मेल, वीजबिल अशा नेहमीच्या साइटचा पत्ता एकदा नीट तपासा आणि बुकमार्क करून ठेवा. पुढे कायम त्या बुकमार्कवरूनच जा. बँकेचा म्हणून मेसेज आला, तरी त्यातली लिंक सोडून बुकमार्क उघडा. खरंच काही अडचण असेल तर ती तुमच्या खात्यात दिसेलच.

पायरी 4: पासवर्ड मॅनेजरला पहारेकरी करा

पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवायची सोय, असं बहुतेकांना वाटतं. मला त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. तो पानाचं रूप बघत नाही, पत्ता जुळवून बघतो. खऱ्या साइटवर तो पासवर्ड आपोआप भरतो, नकली साइटवर गप्प बसतो. म्हणून रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड एके दिवशी भरला गेला नाही, तर चिडून हाताने टाइप करू नका. आधी पत्ता पुन्हा वाचा. दर वेळी फसवणूकच असेल असं नाही, साइटने लॉगिनचं पान बदललेलं असू शकतं. पण तपासायला अर्धा मिनिट लागतो.

प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड ठेवा. महत्त्वाच्या खात्यांना दुहेरी तपासणी (पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी) लावा आणि पासकीची (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या पिनने लॉगिन करायची) सोय असेल तर ती घ्या. पासकी मूळ पत्त्याशीच बांधलेली असते, त्यामुळे नकली पानावर ती चालतच नाही. आलेला ओटीपी मात्र नकली पानावर टाकला जाऊ शकतो आणि पलीकडचा माणूस तो तेवढ्यात खऱ्या साइटवर वापरतो.

पायरी 5: पान तुमच्याकडून काय करून घेतंय?

पत्त्याचा अंदाज येत नसेल तर हा प्रश्न विचारा. वेबपान आपण होऊन कॉम्प्युटरमध्ये फारसं काही करू शकत नाही, ब्राउझर त्याला आवरून धरतो. त्यामुळे त्याला तुमचे हात लागतात.

आत्याच्या स्क्रीनवरचं पान तिला फोन करायला लावत होतं. फोन केला की पलीकडचा माणूस कॉम्प्युटरचा दुरून ताबा घेणारं सॉफ्टवेअर टाकायला सांगतो आणि मग खरं नुकसान सुरू होतं. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे, की विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. असं पान आलं तर एस्केप दाबून धरा. तरी जात नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि 'एंड टास्क' करा. मॅकवर कमांड, ऑप्शन, एस्केप. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' असं विचारेल. नाही म्हणा.

दुसरा प्रकार 'अलाऊ'चा. व्हिडिओ बघायचाय किंवा पुढे जायचंय तर 'अलाऊ' दाबा, असं पान सांगतं. तुम्ही त्याला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी देऊन बसता. मग ब्राउझर बाजूला ठेवलेला असतानाही स्क्रीनच्या कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' अशा पाट्या येत राहतात. व्हायरस बहुतेकदा नसतोच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका.

तिसरा प्रकार या सगळ्यांत घातक आहे आणि 2024 पासून फार पसरला आहे. म्हणून तो जवळून दाखवते. पानावर 'मी यंत्रमानव नाही' असा ओळखीचा चौकोन येतो. तुम्ही टिक करता. त्याच क्षणी ते पान एक आज्ञा तुमच्या नकळत कॉपी करून ठेवतं. मग सूचना येतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. पहिल्या सूचनेने खाली डावीकडे 'रन' नावाची छोटी खिडकी उघडते. दुसरीने कॉपी केलेली आज्ञा तिच्यात उतरते. ती खिडकी अरुंद असते, मोठ्या आज्ञेचं फक्त शेवटचं टोक दिसतं आणि त्या टोकाला मुद्दाम 'पडताळणी क्रमांक अमुक' असं निरुपद्रवी वाक्य चिकटवलेलं असतं. डावीकडे लपलेला भाग वाचायला कुणी जात नाही. एंटर दाबलं की पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम तुमच्याच हाताने सुरू होतो. मॅकवर हेच काम 'टर्मिनल' उघडायला सांगून करून घेतात.

खरी पडताळणी ब्राउझरच्या बाहेर कधीच जात नाही. कुठलंही पान 'रन' किंवा 'टर्मिनल'मध्ये काही पेस्ट करायला सांगत असेल, तर तिथेच थांबा.

पायरी 6: अनोळखी दुकानाचं वय बघा

ऑनलाइन दुकान नवं असलं तर दर, ऑफर, अभिप्राय यांपेक्षा त्याच्या पत्त्याची नोंदणी कधीची आहे ते बघा. पत्त्यांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या साइटवर 'लुकअप' नावाची सोय आहे. तिथे नाव टाकलं की बहुतेकदा नोंदणीची तारीख कळते. पानावर वीस वर्षांची परंपरा सांगणाऱ्या दुकानाचा पत्ता तीन आठवड्यांपूर्वीचा निघाला तर पुढे विचार करायचं कारण नाही. वय जास्त निघालं म्हणून दुकान चांगलंच, असं मात्र धरू नका. जुनी नावंही विकली जातात.

पायरी 7: डाउनलोड केलेल्या फाइलचं शेपूट बघा

विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवतं. मायक्रोसॉफ्टचा हा निर्णय मला कधीच पटला नाही. मे 2000 मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसने याचाच फायदा घेतला. ई-मेलसोबतच्या फाइलचं पूर्ण नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असं होतं. शेवटचं 'व्हीबीएस', म्हणजे उघडताच चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची खूण, लपल्यामुळे लोकांना साधी मजकुराची फाइल दिसली आणि त्यांनी ती उघडली. आजही 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' याच युक्तीवर चालतं.

विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, वर 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. यानंतर बिल किंवा फोटो म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई, एमएसआय, जेएस, व्हीबीएस, एससीआर यांपैकी काही दिसलं तर उघडू नका.

शंका असेल तर व्हायरसटोटल या साइटवर फाइल किंवा लिंक तपासता येते. 2004 पासून ती चालू आहे, 2012 मध्ये गुगलने घेतली. अनेक अँटिव्हायरस एकाच वेळी तुमची फाइल बघतात. पण तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना बघायला मिळते, त्यामुळे खासगी कागदपत्रं चढवू नका. आणि 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'सुरक्षित' असा घेऊ नका, अगदी नवा व्हायरस कुणालाच माहीत नसतो.

पायरी 8: घरच्या कॉम्प्युटरची तटबंदी

अपडेट. 'नंतर आठवण करा' हे बटण दाबताना 2017 आठवा. विंडोजमधली एक फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला दिलं. 12 मे रोजी त्याच फटीतून वॉनाक्राय नावाचं खंडणीचं (फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारं) सॉफ्टवेअर घुसलं आणि सुमारे 150 देशांत पसरलं. जवळजवळ दोन महिने उपाय हाताशी होता. विंडोज 10 वापरत असाल तर त्याचे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आहेत. पुढच्या आवृत्तीवर जायची किंवा वाढीव अपडेट घ्यायची सोय बघा.

अँटिव्हायरससाठी विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. तो चालू आहे ना एवढं बघा.

रोजच्या वापरासाठी साधं खातं ठेवा, सगळे अधिकार असलेलं ॲडमिनचं खातं वेगळं. यामुळे बरेचसे प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना ॲडमिनचा पासवर्ड विचारला जातो. मुलं कॉम्प्युटर वापरत असतील तर हे आजच करा.

ब्राउझरमधली एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, एकदा मोजा. 'सर्व साइटवरची माहिती वाचणे व बदलणे' ही परवानगी ज्याला दिलीत, त्याला तुम्ही पाहता ते सगळं दिसतं. चांगलं एक्स्टेन्शन पुढे दुसऱ्याला विकलं जातं आणि नवा मालक त्याचा गैरवापर करतो, असंही झालेलं आहे. वापरात नाही ते काढून टाका. राउटरसोबत आलेला ॲडमिन पासवर्डही बदला.

बॅकअपबद्दल मी आग्रही आहे. फोटो आणि कागदपत्रांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. बाहेरची हार्ड डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवा. जोडलेली राहिली तर खंडणीचं सॉफ्टवेअर तिच्यावरच्या फाइलही कुलूपबंद करतं. आणि कधीतरी त्या बॅकअपमधून एखादा फोटो परत उघडून बघा. न उघडणारा बॅकअप गरजेच्या दिवशीच कळतो.

हातून चूक झालीच तर

लाजून गप्प बसू नका, घरात लगेच सांगा. इथे वेळ महत्त्वाचा आहे.

नुसती लिंक उघडली आणि काही भरलं नाही, तर टॅब बंद करा, ब्राउझर अपडेट करा, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन चालवा. नकली पानावर पासवर्ड दिलात तर खऱ्या साइटवर जाऊन तो बदला. तोच पासवर्ड जिथे जिथे असेल तिथेही बदला. सुरुवात ई-मेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच वाटेने बदलता येतात. कार्डाची माहिती दिली असेल तर कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करून ते बंद करायला सांगा.

फाइल चालवली किंवा 'रन'मध्ये काही पेस्ट केलं, तर पहिल्यांदा इंटरनेट तोडा. वायफाय बंद, केबल बाहेर. पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून बदलू नका, फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला. पासवर्ड बदलून भागत नाही, कारण असे प्रोग्रॅम ब्राउझरमधलं चालू लॉगिनही उचलतात. त्यामुळे प्रत्येक खात्यात 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय शोधून तो दाबा. मग विंडोज नव्याने टाका. बॅकअपमधून फक्त फोटो आणि कागदपत्रं परत घ्या. प्रोग्रॅम मात्र एकेक करून त्यांच्या मूळ साइटवरून, पत्ता उजवीकडून वाचून, पुन्हा उतरवा.